चढावर आकडा उतरला

माझा धंदा गार करण्याचा. साताऱ्यात गोडोलीला छोटं दुकान आहे. फ्रिज, डीप फ्रीजर, एसी, वॉटर कूलर, ज्यानं थंड करायचं ते थंड करेनासं झालं की लोक मला फोन करतात. २४ वर्षं हेच चाललंय. त्यामुळे ऐन मे महिन्यात पसरणी घाटात माझीच गाडी वाफा सोडत उभी राहिली, आणि पाचगणीत ज्यांचा डीप फ्रीजर बघायला निघालो होतो त्या हॉटेलमालकांना तसं कळवलं, तेव्हा ते आधी पोटभर हसले. मग म्हणाले, "म्हणजे तुमचं गरम झालं म्हणून माझं आइस्क्रीम वितळायचं होय?"

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यानंतर गाडीच्या, इंजिनाचं पाणी नेणाऱ्या होस पाइपात मी टेंपरेचरचा सेन्सर बसवला. तो कसा बसवला, कुठं कुठं चुकलो आणि त्यानं मला एकदा फसवता फसवता कसं वाचवलं, ते लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात होतं. दुकानात येणारे दोघं-तिघं तेच विचारतात आणि तेच तेच सांगून तोंड दुखतं.

गाडी २००६ सालची, पेट्रोल, एमएच ११. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण यात तिच्यापेक्षा माझ्याच चुका जास्त निघणार आहेत. पंधरा वर्षं भरल्यावर पुन्हा पासिंग करून घेतली, ग्रीन टॅक्स भरला. बायको म्हणाली होती, "अहो, एवढ्यात दुसरी आली असती." आली नसती. पण मागची सीट पाडली की व्हॅक्युम पंप, गॅसचे दोन सिलिंडर आणि तांब्याच्या नळीची गुंडाळी अशी काही नीट बसते की दुसरी गाडी नकोच वाटते.

त्या दिवशी शनिवार होता. वाईपासूनच गाड्यांची रांग. घाट तसा लांब नाही, दहा-बारा किलोमीटर, पण तेवढ्यात सहाशे मीटरच्या आसपास वर चढायचं. पहिला गिअर, दहा फूट पुढं, ब्रेक. एसी चालू, कारण सोबतचा हेल्पर पोरगा घामानं निथळत होता. डॅशबोर्डवरचा टेंपरेचरचा काटा मध्यावर. मी तो बघत होतो, हे शपथेवर सांगतो. मग एक गोडसर वास आला, काकवी कढत असल्यासारखा. मला वाटलं, बाहेर कुणीतरी काहीतरी विकतंय. पुढच्या वळणापर्यंत काटा मध्यावरून थेट लाल पट्ट्यावर गेला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली.

कारण निघालं फुटकळ. रेडिएटरच्या फॅनच्या सॉकेटमधली एक पिन जळून काळी पडली होती, त्यामुळे फॅन लागतच नव्हता. साताऱ्यात सपाटीवर, हायवेवर समोरून वारा मिळतो, तिथं हे कळलं नसतं. घाटातल्या रांगेत कळलं. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकलं. ते उतरवून फेस मारून, म्हणजे घासून सपाट करून आणलं, गॅस्केट नवीन, थर्मोस्टॅट (पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट मिटून ठेवणारी झडप) नवीन, फॅनचं सॉकेट नवीन. सगळे मिळून १६ हजार गेले. एका पिनेपायी.

आमचा मेकॅनिक जुना दोस्त. तो म्हणाला, "काटा बघत नव्हतास का?"

"मध्यावर होता."

"आरं, तो काटा समाधानासाठी असतोय."

हे मला तेव्हा थट्टेचं वाटलं, पण खरंच तसं आहे. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दामच तसा केलेला असतो. पाणी ऐंशीला असो की शंभराला, तो मध्यावरच राहतो. नाहीतर प्रत्येक चढाला काटा थोडा वर जाणार, गिऱ्हाईक घाबरून शोरूमला फोन करणार. ही अक्कल माझ्या धंद्यातही आहेच. डिस्प्लेवर २४ दिसतंय म्हणजे खोलीत २४ आहे असं लोक धरून चालतात. एसीचा सेन्सर असतो आत जाळीमागं, छताजवळ. तो तिथली हवा मोजतो, पलंगावरची नाही. हे मी आजवर शेकडो घरांत समजावून सांगितलंय. पुढं जे झालं त्याच्यासाठी एवढं लक्षात ठेवा.

तर मला काटा नको होता, आकडा हवा होता. पहिला विचार ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती देणाऱ्या सॉकेटचा. सॉकेटला डोंगल लावायचं आणि मोबाइलवर कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, टेंपरेचर बघायचं. नव्या गाडीला हेच करावं, बाकी उद्योगात पडूच नये. माझ्या गाडीशी डोंगल बोलायलाच तयार नाही, दोन वेगवेगळी लावून बघितली. दुसरा मार्ग म्हणजे हेडवर एखादा रिकामा प्लग असेल तर तो काढून तिथं सेन्सर बसवायचा. जागा सगळ्यात उत्तम, पण माझ्या इंजिनाला तसा प्लग नाही आणि नुकत्याच फेस मारलेल्या हेडला भोक पाडायची हिंमत नव्हती. कंपनीचा मूळ सेन्सर काढून त्याच्या जागी आपला बसवला तर काटा आणि फॅन दोन्ही आंधळे होणार. राहिला होस पाइप.

इंजिनातून तापलेलं पाणी वरच्या होसमधून रेडिएटरला जातं, गार होऊन खालच्या होसनं परत येतं. वरचा होस मधोमध कापायचा, त्यात धातूची छोटी नळी घालायची, नळीच्या पोटात सेन्सर. उद्या नको वाटलं तर नवा होस टाकला की गाडी होती तशी. ऑनलाइन अशी अॅल्युमिनियमची नळी मिळते, मी मागवलीही. आली ३२ मिलिमीटरची. माझा होस आतून २८. चूक माझीच, मी होसचा बाहेरचा व्यास मोजून ऑर्डर टाकली होती.

परत पाठवण्यापेक्षा एमआयडीसीत गेलो. तिथं एक लेथवाले मामा आहेत, साठीच्या पुढचे, कंप्रेसरच्या बुशा त्यांच्याकडूनच करून घेतो. गेलो की एकच वाक्य, "या फ्रीजवाले, काय मोडलं?" त्यांना कागदावर काढून दाखवलं. ६० मिलिमीटर लांब, दोन्ही बाजूंना वीस-वीस होस चढायला, मधे वीसचा जाड भाग, त्यात आट्याचं भोक. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून चित्र बघितलं आणि बोट ठेवलं ते टोकावर. "हितं उंचवटा दावला न्हाईस." होस सुटू नये म्हणून टोकाला बारीक कडा ठेवायची असते, ती मी विसरलो होतो. "आन् त्याची धार मारायची. न्हाईतर रबराला आतनं चिरत जाती." त्यांनी ती कडा पॉलिश पेपरनं इतकी गुळगुळीत केली की बोट फिरवत बसावंसं वाटत होतं.

खरी गंमत आट्यांची झाली. सेन्सर होता १/८ एनपीटीचा, म्हणजे अमेरिकन मापाच्या आट्यांचा. मामांनी ड्रॉवरमधून १/८चा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, काढलं, भोक पाडलं, आटे पाडले, सेन्सर लावला. दोन फेरे मस्त गेला आणि अडकला. मामा म्हणाले, "घट्ट हाय, बसंल. पान्हा लाव." इथं माझा धंदा कामी आला. आपल्याकडे नळाची कामं बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाच्या आट्यांत चालतात, म्हणून लेथवाल्याकडे टॅपही बहुतेक तोच असतो. १/८ बीएसपीला एका इंचात २८ आटे, एनपीटीला २७. आट्यांचा कोनही निराळा, एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पान्हा लावला असता तर तो बसलाही असता आणि पहिल्या घाटात तिथून गळायला लागला असता. गॅसच्या गेजचं फिटिंग बसवताना अशाच दोन आट्यांनी मला नव्या नव्यात एकदा अख्खा सिलिंडर हवेत सोडायला लावलाय. मी खिशातून आटे मोजायचा पिच गेज काढून मामांना दाखवला. त्यांनी तो सेन्सरच्या आट्यांवर धरला, उजेडाकडं केला, फट दिसली. काही बोलले नाहीत. टॅप पुसून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि पोराला शेजारच्या शेडमध्ये एनपीटीचा टॅप मागायला पाठवलं. नवी नळी केली, पैसे एकाच नळीचे घेतले, ३५०. पहिली नळी अजून माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे.

बसवण्याआधी सेन्सर आणि मीटर जोडून घरी तपासले. गॅसवर पातेलं, पाणी उकळायला ठेवलं, सेन्सर दोऱ्यानं लटकवला, बुडाला टेकू दिला नाही. पाणी खळखळ उकळतंय आणि मीटर ९८च्या वर जायचं नाव घेईना. मी दुकानदाराच्या नावानं बोटं मोडायला लागलो. मग आठवलं की सातारा समुद्रसपाटीवर नाही. आपण सातशे मीटरवर आहोत, दर तीनशे मीटरला उकळबिंदू साधारण एक अंशानं उतरतो. म्हणजे ९८ बरोबरच. मग फ्रीजरसाठी वापरतो तो डिजिटल थर्मामीटर शेजारी सोडून साठ अंशांवर दोन्ही ताडून पाहिले. एका अंशाचा फरक, चालतंय. पातेलं चहाचं होतं. त्यावर घरात जे बोलणं झालं ते इथं लिहीत नाही. दुसरं पातेलं आणून दिलं.

होस कापणं हे काम पाच मिनिटांचं, पण गाडी रात्रभर गार होऊ दिली. रेडिएटरचं झाकण गरम इंजिनावर उघडायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी भाजतंच. कूलंट खालून टबात काढला आणि टब लगेच झाकला. हे मात्र मुद्दाम सांगतो. कूलंट चवीला गोड असतो आणि कुत्र्या-मांजरांना विष. आमच्या आळीत सहा मांजरं आहेत. होसचा सरळ भाग निवडला, कापून फक्त वीस मिलिमीटर तुकडा काढला, म्हणजे नळी घातल्यावर होसची एकूण लांबी तेवढीच राहिली. सेन्सर आडवा ठेवला. तोंड वर केलं तर हवेचा बुडबुडा नेमका तिथंच अडकतो. बॉनेट लावून खाली फॅनला, बेल्टला काही घासत नाही ना ते बॅटरी मारून बघितलं.

नवा कूलंट अर्धा, डिस्टिल्ड वॉटर अर्धं. साताऱ्याला कासचं पाणी येतं, प्यायला गोड, पण रेडिएटरला तेही नको. क्षार आत बसत जातात. मग हवा काढायची. आम्ही अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला राहतो, चढांना तोटा नाही. गाडीचं नाक चढाकडं करून लावली, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं, इंजिन चालू. बुडबुडे यायचे थांबले, पाणी खाली गेलं तेवढं भरलं, झाकण लावलं. ते झाकणही नवीन घेतलं, त्यावर ०.९ असं असतं. म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा ०.९ बार जास्त दाब ते आत धरून ठेवतं. कुकरचंच तत्त्व. त्या दाबात साधं पाणीसुद्धा ११५च्या पुढं गेल्याशिवाय उकळत नाही, कूलंट असला तर आणखी वर. पण झाकणाची स्प्रिंग सैल झाली तर हे सगळं गेलं. पाचगणी १३०० मीटरच्या आसपास. तिथं उघड्या भांड्यातलं पाणी ९६ला उकळतं. माझ्या गाडीचा फॅन लागतो ९७ला. गळकं झाकण आणि आत नुसतं पाणी असेल, तर फॅन लागायच्या आधीच उकळी. झाकणाला कोण विचारतो, शंभर-दीडशेची वस्तू.

वायरिंगमध्ये मी एक दिवस वाया घालवला. सेन्सर एका वायरचा होता. असा सेन्सर इंजिनात बसवला की त्याला अर्थ, म्हणजे करंटची परतीची वाट, इंजिनाच्या धातूतूनच मिळतो. माझी नळी दोन्ही बाजूंनी रबरात, अर्थ येणार कुठून? म्हणून मामांनी नळीवर एक छोटा स्क्रू दिला होता, त्यावरून वायर काढून रेडिएटरशेजारी बॉडीच्या बोल्टला बांधली. मीटर चालू झालं, आकडा आला, मी खूश. गाडी उभी ठेवून बघत बसलो. ९५, ९६, ९७, खट्कन फॅन लागला आणि आकडा त्याच क्षणी ९३.

हेल्पर म्हणाला, "भारी फॅन हाय, सर."

पण पाच-सहा लिटर पाणी एका क्षणात चार अंश उतरत नाही. उतरलं असतं तर मी हा धंदा सोडून फॅनच विकले असते. फॅन बंद झाला की आकडा परत टुणकन वर. मल्टीमीटर घेतला, एक टोक त्या बोल्टला, एक डॅशबोर्डमागच्या मीटरच्या अर्थला. फॅन बंद असताना शून्य, चालू असताना ८५ मिलिव्होल्ट. मी ज्या बोल्टला अर्थ बांधला होता, फॅनचाही अर्थ त्याच बोल्टला होता आणि खाली थोडा गंज. फॅन एवढे अँपिअर ओढतो, तेवढ्यानं त्या बोल्टचं व्होल्टेज जरासं उचललं जायचं आणि मीटरला वाटायचं, सेन्सर गार झाला. नळीची अर्थ वायर थेट आत नेऊन मीटरच्याच अर्थला जोडली. खोटे चार अंश गेले. दोन वायरचा सेन्सर घेतला असता तर हा प्रश्नच आला नसता, तो घ्या. सप्लाय इग्निशनवरून, मधे १ अँपिअरचा फ्यूज. वायर सायलेन्सरच्या बाजूनं नेली नाही, जुन्या वायरिंगच्या रबरी बुचातूनच आत घेतली. बझर १०५ला.

पुढचा महिना मी गाडी कमी आणि आकडा जास्त चालवला. हायवेवर ७० च्या वेगात ८५. यवतेश्वरच्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये ९३. एसी लावला की वर दोन-तीन. हीटर पूर्ण सोडला की तेवढेच खाली, घाम मात्र आपण गाळायचा. एका संध्याकाळी फॅनची पिन मुद्दाम काढली आणि दारातच इंजिन चालू ठेवून आकडा १०३पर्यंत जाऊ दिला, मग पिन परत लावली. एवढ्या वेळात डॅशबोर्डवरचा मूळ काटा केसभरही हलला नाही. मेकॅनिकला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "सांगितलं न्हवतं व्हय?"

पसरणी घाट उतरताना एकदा आकडा ६४ झाला, तेव्हाही दचकलो होतो. पण ते साधं होतं. उताराला इंजिन रिकामं फिरतं, थर्मोस्टॅट मिटतो, होसमधलं पाणी जागच्या जागी उभं राहून गार होतं. माझा थर्मोस्टॅट इंजिनाच्या तोंडाशी, होसच्या आधी आहे. तो मिटलेला असला तर होसमधला आकडा इंजिनाचा नसतोच. काही गाड्यांत थर्मोस्टॅट खालच्या होसच्या बाजूला असतो, तिथं वरचा होस सुरू केल्यापासूनच तापायला लागतो. आपला कुठला ते सकाळी गाडी चालू करून होसला हात लावून कळतं. हे मला तेव्हा समजलं होतं. समजलं होतं, पण अंगात मुरलं नव्हतं.

यंदाच्या एप्रिलमध्ये पुन्हा पाचगणी. तेच हॉटेल, तोच डीप फ्रीजर, या वेळी कंप्रेसर. वाई सोडली, घाट सुरू झाला, दुसरा गिअर, आकडा ९२. रस्ता मोकळा. तिसऱ्या-चौथ्या वळणावर बघतो तर ८६. बरं वाटलं. वारा चांगला लागतोय, नवा कूलंट, नवं झाकण, माणसानं काम केलं की असं असतं. मग ७९. मी हेल्परला आकडा दाखवलासुद्धा. मग ७१.

आणि तेव्हा डोक्यात काहीतरी अडकलं. दुसरा गिअर, पाय दाबलेला, एप्रिलची दुपार, चढ. चढावर आकडा उतरेल कशानं? थर्मोस्टॅट मिटायचं काही कारण नाही, इंजिन घाम गाळतंय. हीटर गरमवर करून ब्लोअर सोडला. हीटरमध्ये इंजिनाचंच पाणी फिरतं, इंजिन तापलेलं असलं की चटका बसेल अशी हवा यायला पाहिजे. आली गार. नुसती बाहेरची हवा. मी गाडी होती तिथं कडेला घेतली आणि चावी फिरवली, कुठं लावतोय हेही बघितलं नाही.

बॉनेट उघडलं. हिरवे शिंतोडे सगळीकडं, बॅटरीवर, फिल्टरच्या डब्यावर. होस दाबला तर पोकळ, आत पाणी नाहीच. सेन्सर वाफेत आणि हवेत लटकत होता आणि इमानदारीनं त्या हवेचं टेंपरेचर सांगत होता. बझर १०५ला लावलेला. तो वाजलाच नसता. इंजिन वितळेपर्यंत माझं मीटर ६०-७० दाखवत राहिलं असतं.

फ्रीजमध्ये थर्मोस्टॅटचा बल्ब असतो, बारीक तांब्याच्या नळीच्या टोकाला. तो कॉइलला क्लिपनं दाबून बसवलेला असतो. क्लिप निघाली, बल्ब हवेत लोंबायला लागला, की फ्रिज थांबतच नाही, भाजीचा बर्फ होतो. बायका म्हणतात, थर्मोस्टॅट खराब झाला. मी २४ वर्षं सांगतोय, थर्मोस्टॅट ठणठणीत आहे वहिनी, त्याचा बल्ब जागेवर नाही. आणि मी पसरणी घाटात स्वतःच्याच लोंबत्या बल्बकडं बघून खूश होत होतो.

सव्वा तास थांबलो. हेल्परनं लगेच पाणी ओतायला कॅन काढला, त्याला थांबवलं. तापल्या हेडवर गार पाणी पडलं की जे वाचलंय तेही तडकतं. गार झाल्यावर बघितलं तर नळीच्या इंजिनाकडच्या बाजूची क्लिप सैल. स्क्रूड्रायव्हरनं दीड फेरा फिरली. आता ही चूक कुणाची? कंपनीच्या होसला मूळच्या चिमट्यासारख्या स्प्रिंगच्या क्लिपा होत्या. मला त्या स्वस्तातल्या वाटल्या, म्हणून सगळ्या काढून स्क्रूच्या, चकचकीत स्टीलच्या क्लिपा लावल्या. रबर तापतं, गार होतं, हळूहळू दबत जातं. स्प्रिंगची क्लिप त्याच्यामागोमाग आवळत जाते. स्क्रूची क्लिप जिथं सोडली तिथंच राहते. पहिल्या आठवड्यानंतर आणि मग अधूनमधून ती आवळायची असते. मी नऊ महिन्यांत एकदाही स्क्रूड्रायव्हर लावला नव्हता. आकडा बघण्यात गुंग होतो.

पाणी भरलं, हवा काढली, हळूहळू वर गेलो. हेडला काही झालं नव्हतं. हॉटेलमालक दारात उभे. "आज काय गरम झालं?" म्हणाले. मी म्हणालो, "आज गार झालं." ते बघतच राहिले.

घरी आल्यावर दोन कामं केली. स्प्रिंगच्या क्लिपा परत आणल्या, नळीच्या दोन्ही बाजूंना त्याच. आणि दुसरा सेन्सर घेतला, गोल कडीचा, बोल्टखाली दाबून बसवायचा. तो हेडवर थर्मोस्टॅटच्या घराचा बोल्ट आहे, त्याखाली. तो पाण्याला विचारत नाही, थेट धातूचं टेंपरेचर घेतो. पाणी असो नसो, हेड तापलं की तो सांगणार. त्याचा बझर वेगळा. गाडी चालत असताना तो होसपेक्षा तीन-चार अंश खाली असतो, म्हणून बझर ९८ला लावला. एकच लावायचा असेल तर कुठला, असं मेकॅनिकनं विचारलं. आता मी म्हणेन हा. कापाकापी नाही, कूलंट काढायचा नाही, अर्ध्या तासाचं काम. पण होसवालाही काढणार नाही, कारण खरी बातमी दोघांमधल्या अंतरात असते.

सध्या थंडी आहे. सकाळी सातला गाडी काढतो तेव्हा दोन्ही आकडे, वर हेडचा आणि खाली होसचा, १४. गोडोलीतून निघून पोवई नाक्यावर येईपर्यंत हेड ५० झालेलं असतं, होस जेमतेम २०. बायको शेजारी असली की तीच वाचते, "वरचा ६८, खालचा २६." तिला आता अंदाज आलाय. वाढे फाट्याच्या अलीकडं वरचा ऐंशीला टेकतो, खालचा अजून तिशीत, आणि ती पर्स मांडीवर घेऊन खालच्या आकड्याकडं बघत बसते. मग एकदम ३१, ४४, ६०, ७७. "उघडला," ती म्हणते आणि खिडकीबाहेर बघायला लागते.